आधी बोलावणं, मग वर्गणी

सदर : पत्रास कारण की…

मुलांनो,

दर आठवड्याला तुमची पत्रं येतात. कुणाला गणिताची भीती वाटते, कुणाचं जिवलग मैत्रिणीशी बिनसलेलं असतं, कुणाला मांजर पाळायचं असतं आणि आई नको म्हणते. या वेळचं एक पत्र मात्र मी तीनदा वाचलं. लिहिणारी नववीत आहे. ‘नाव छापू नका’ अशी तिची विनंती, म्हणून नाव देत नाही. पत्र असं आहे –

‘प्रिय काका, साष्टांग नमस्कार.

माझा दादा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात त्याला तीन आठवडे नेपाळला जायचंय, तिथल्या एका अनाथाश्रमातल्या मुलांना शिकवायला. इंटरनेटवर एक कंपनी सापडली, ती सगळी व्यवस्था करते. खर्च ५२ हजार रुपये. बाबा म्हणाले, एवढे आपल्याकडे नाहीत. मग आम्ही दोघांनी वर्गणी गोळा करायचं ठरवलं. मी भेटकार्डं रंगवली, दादानं पावतीपुस्तक छापून आणलं. तीन रविवार फिरलो आणि ६,३५० रुपये जमले. पण गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, “अनाथाश्रम आपल्या गावात नाही का? लोकांच्या पैशांनी परदेश बघायचा आणि त्याला सेवा म्हणायचं!” दादा काहीच बोलला नाही. मी घरी येऊन रडले. आता दादा म्हणतो, वर्गणी बंद. काका, आजोबा बरोबर बोलले का? चांगल्या कामासाठी पैसे मागणं म्हणजे भीक मागणं का?’

बाळ, आधी डोळे पूस. वर्गणी म्हणजे भीक नव्हे. भीक माणूस स्वतःच्या पोटासाठी मागतो. वर्गणी मागताना आपण दुसऱ्या कुणासाठी तरी दारात उभे असतो. आपल्या गावोगावची वाचनालयं, शाळा, तालमी बघ. त्यांतल्या कितीतरी लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या आहेत. तेव्हा पावतीपुस्तक घेऊन फिरलीस यात लाजण्यासारखं काही नाही.

पण म्हणून आजोबा चुकले असंही मी म्हणणार नाही. त्यांचा सूर कडू होता, तरी प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर शोधायला आपण जरा मागे जाऊ. सोलापूरचा एक तरुण असाच लोकवर्गणीच्या बळावर परदेशी गेला होता. त्याची गोष्ट ऐक.

तीन दिवस आणि बावीस हजार

जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठी चढाई केली. एकामागून एक शहरं पडू लागली. जखमींची रीघ लागली आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणारे हात फारच थोडे होते. तेव्हा चिनी सेनानी झू द यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहिलं आणि भारतातून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली.

इथेच क्षणभर थांब. मदतीची कल्पना आपल्या कुणाच्या डोक्यातून निघाली नव्हती. ज्यांच्यावर वेळ आली होती त्यांनीच ती मागितली होती आणि नेमकं काय हवं तेही सांगितलं होतं.

त्या वेळी आपला देश स्वतःच पारतंत्र्यात होता. इथे आजारी माणसं काय कमी होती? दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांसारखा प्रश्न तेव्हाही कुणाला सहज पडला असता. तरीही काँग्रेसचे त्या वर्षीचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी देशाला आवाहन केलं. चढाईला ७ जुलैला वर्ष पुरं होत होतं. तो दिवस ‘चीन दिन’ म्हणून पाळायचं ठरलं आणि ७ ते ९ जुलै या तीन दिवसांत निधी गोळा झाला. किती? २२ हजार रुपये. एका रुपयाचे सोळा आणे असण्याच्या काळातले २२ हजार! त्याच्या जोडीला रुग्णवाहिका आणि औषधंही जमली.

मग माणसं निवडायची होती. सेवा करायची हौस पुष्कळांना असते. इथे हौशीच्या जोडीला हातात विद्या असणारे हवे होते. पाच डॉक्टर निवडले गेले. पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. स्पेनमधल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून ते आलेले होते, म्हणजे रणांगण त्यांनी पाहिलेलं होतं. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे आणखी तिघे. आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, वय अवघं २७.

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले होते आणि पुढचं शिक्षण घेत होते. घरी चीनबद्दल कुणाला फारसं काही माहीत नव्हतं. चीन म्हणजे रेशीम विकायला येणारे चिनी फेरीवाले, एवढीच ओळख! अशा घरातून परवानगी घेऊन मुलगा निघाला. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ नावाच्या बोटीनं या पाच जणांनी मुंबई सोडली.

पोहोचल्यावर काय केलं?

कॅन्टनला त्यांचं स्वागत सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी केलं. पुढे गावोगावची इस्पितळं करत फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. तिथे डोंगरात कोरलेल्या गुहांत माणसं राहत.

परदेशी गेलेल्या माणसापुढे पहिली भिंत उभी राहते ती भाषेची. कोटणीस चिनी बोलायला शिकले, वाचायला शिकले आणि पुढे तिथल्या विद्यार्थ्यांना चिनी भाषेतूनच वैद्यक शिकवू लागले. विचार कर, रुग्णाला ‘कुठे दुखतंय?’ हे त्याच्याच भाषेत विचारणारा डॉक्टर आणि दुभाष्याच्या तोंडाकडे बघत बसणारा डॉक्टर, यांत केवढा फरक!

ते चीनमध्ये असतानाच सोलापुराहून वडील गेल्याची बातमी आली. परत फिरले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते थांबले. हळूहळू सोबती मायदेशी परतत गेले. १९४० मधल्या एका लढाईत तर डोळ्याला डोळा न लागू देता ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत होते. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथल्याच क्वो छिंग-लान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिन-हुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर कोटणीस आजारानं गेले. वय होतं फक्त ३२.

पाच गेले, चार परत आले. सगळ्यांत शेवटी, १९४३ मध्ये, डॉ. बसू परतले. पुढे १९५० च्या दशकात ते पुन्हा चीनला गेले, सुया टोचून उपचार करण्याची तिथली विद्या शिकले आणि भारतात त्यांनी ती रुजवली. म्हणजे बघ, जाणारा माणूस नुसता देऊन येत नाही, घेऊनही येतो. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये काढलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा सिनेमा तुमच्या आजी-आजोबांना नक्की आठवत असेल.

आता दादाचं बघू

या गोष्टीतून मला तीन शब्द सापडले : बोलावणं, विद्या आणि हिशेब. दादाच्या बेताला हे तीन शब्द लावून पाहू. मी जरा स्पष्ट लिहिणार आहे, राग मानू नकोस.

पहिला शब्द, बोलावणं. दादाला तिथे कुणी बोलावलंय? एका कंपनीनं. पण कंपनीचं काम प्रवासी मिळवणं हे आहे. त्या मुलांनी, त्यांच्या आईबापांनी किंवा तिथल्या गावानं काही मागितलंय का? आईबाप म्हटल्यावर चमकलीस ना? ‘अनाथाश्रमातल्या मुलांना आईबाप कुठून आले?’ असंच मनात आलं असेल. तर ऐक. नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असतात असं युनिसेफ या संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थेनंच सांगितलेलं आहे. डोंगराळ भागातल्या गरीब घरांत दलाल जातात. ‘तुमच्या मुलाला शहरात चांगलं शिकवतो’ असं सांगून पैसे घेतात आणि मूल काठमांडूला किंवा पोखऱ्याला आणून ठेवतात. मुलं दिसली की परदेशातून पाहुणे येतात, पाहुण्यांबरोबर पैसे येतात, आणि पैसे येतात म्हणून आणखी मुलं आणली जातात. २५ एप्रिल २०१५ च्या मोठ्या भूकंपानंतर ही भीती फारच वाढली, तेव्हा नेपाळ सरकारनं नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली.

सगळी बालगृहं अशी असतात असं मुळीच नाही. पण कुठलं कसं आहे, हे तीन आठवड्यांच्या पाहुण्याला कळणार कसं?

आणखी एक गोष्ट. लहान मुलाला लळा लागायला तीन आठवडे पुरतात. मग दादा निघून येईल. पुढच्या आठवड्यात दुसरा दादा, त्याच्यामागून तिसरी ताई. तुझ्या घरातलं माणूस दर तीन आठवड्यांनी बदललं तर तुला कसं वाटेल? सेवा करणाऱ्याला समाधान मिळतं, पण मागे राहिलेल्या मुलाला काय मिळालं, हे कोण विचारतं?

दुसरा शब्द, विद्या. दादा इंजिनीअरिंग शिकतोय. शिकवण्याचा त्याला अनुभव नाही. नेपाळीही येत नाही, असं मी धरून चालतो. खरं तर नेपाळी देवनागरीतच लिहितात. आपल्याला ती पहिल्याच दिवशी वाचता येते, म्हणजे निम्मी वाट तर झालेलीच आहे. त्याला जे येतं त्याची गरज कुठे आहे, हे आधी शोधायला हवं होतं. एखाद्या गावाच्या शाळेनं ‘आमच्या पाण्याच्या टाकीच्या कामाला माणसं हवीत’ असं कळवलं, तर तिथे त्याचा उपयोग आहे. तिथे तो मजुरासारखा खपला आणि शिकून आला, तरी मी त्याच्या पाठीवर थाप मारीन.

म्हणजे आजोबांचं निम्मं बरोबर आहे. परदेशी जाणं वाईट नाही आणि वर्गणी मागणंही वाईट नाही. पण बोलावणं नसताना वर्गणी सुरू झाली, हे उलटं झालं.

त्या ६,३५० रुपयांचं काय?

तिसरा शब्द, हिशेब. इथे माझीच एक जुनी चूक सांगतो. मी सातवीत होतो. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनासाठी शाळेनं आम्हाला कागदी ध्वज आणि एकेक टिनचा डबा दिला होता. दुपारभर फिरलो. परतताना भेळेच्या गाडीपाशी पाय अडखळले. डब्यातला दीड रुपया ‘उसना’ घेतला. उद्या घरून आणून टाकू म्हटलं! पण सरांनी त्याच संध्याकाळी ध्वज मोजले, पैसे मोजले आणि वहीत लिहिलं, ‘कमी : दीड रुपया’. दुसऱ्या दिवशी वर्गात हिशेब वाचून दाखवला, तेव्हा ती ओळही वाचली. नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मी मधल्या सुट्टीत पैसे नेऊन दिले. सरांनी घेतले, ती ओळ खोडली आणि एवढंच म्हणाले, “हे पैसे तुझे नव्हते, माझेही नव्हते.” आज इतकी वर्षं झाली, पण भेळेची गाडी दिसली की ती ओळ आठवते.

तर ते ६,३५० रुपये तुमचे नाहीत. लोकांनी ते एका ठरावीक कामासाठी दिलेत. बेत बदलला तर ते दुसरीकडे वापरायचे नाहीत, चांगल्या कामाला सुद्धा नाहीत, जोवर देणाऱ्यानं ‘हो’ म्हटलेलं नाही. पावतीपुस्तकातल्या स्थळप्रती काढा. ज्याची पावती त्याच्या दारात पुन्हा जा. सांगा, ‘आम्ही नीट चौकशी न करता निघालो होतो. आता बेत थांबवलाय. तुमचे पैसे हे घ्या, किंवा नवा बेत ठरेपर्यंत ठेवू का ते सांगा.’ भेटकार्डं ज्यांनी विकत घेतली त्यांना मात्र कार्ड मिळालंय. तरी त्यांनाही सांगा, कारण त्यांनी ते घेतलं दादाच्या प्रवासासाठी.

मागायला जाण्यापेक्षा परत द्यायला जाणं अवघड असतं. पण जो परत द्यायला येतो, त्याला पुढच्या वेळी कुणी रिकाम्या हातानं पाठवत नाही.

पुन्हा निघायचं असेल तर

दादाची आणि तुझी तयारी असेल तर हे कागदावर लिहून भिंतीला लावा. इतर वाचकांनीही लिहून घ्यायला हरकत नाही.

१. जिथे जायचं तिथल्या लोकांचं किंवा संस्थेचं स्वतःचं पत्र हवं. काय काम, किती दिवस, कोणती माणसं हवीत, हे त्यात लिहिलेलं हवं. मधल्या कंपनीला विचारा, ‘आमच्या पैशांतले किती रुपये तिथवर पोहोचतात?’ उत्तर देताना ती अडखळली तर समजून घ्या.

२. हेच काम तिथला माणूस मजुरी घेऊन करू शकेल का? करू शकत असेल तर आपण जाऊन त्याची रोजी तर बुडवत नाही ना?

३. खर्चाचा तक्ता करा : प्रवास, राहणं-जेवण, विमा आणि लस, कामाचं साहित्य, अडीअडचणीसाठी थोडी रक्कम. हा तक्ता वर्गणीदाराला दाखवा. पोखऱ्याला फेवा तलावात नावेत बसायचं असेल तर खुशाल बसा, पण तो खर्च स्वतःच्या खिशातून.

४. पहिली पावती स्वतःच्या नावाची फाडा. दादानं सुट्टीत शिकवण्या घेऊन चार-पाच हजार कमावले आणि ते पहिल्या ओळीत लिहिले, तर दारातलं माणूस वेगळ्या नजरेनं बघतं.

५. पैसे एकाच ठिकाणी ठेवा. आता सगळे मोबाइलवरून पैसे देतात. ते घरखर्चाच्या खात्यात मिसळू देऊ नका. एक वही घाला. रोज रात्री जमा लिहा आणि शेजारी आई किंवा बाबांची सही घ्या.

६. कागदपत्रं आणि तब्येत. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागतंच. इतर देशांचे नियम वेगवेगळे. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत जाताना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. आदल्या दिवशी धावपळ करून भागत नाही.

७. परत आल्यावर महिन्याच्या आत सगळ्यांना एकत्र बोलवा आणि पै-पैचा हिशेब वाचा. काय जमलं नाही, तेही सांगा.

आणि एक सुचवतो. परदेशाआधी एकदा सोमनाथला जाऊन या. चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमटे यांनी तिथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यात तरुण मुलंमुली तिथे जमतात, कुदळ-फावडं हातात घेतात. आपल्याला सेवा आवडते की सेवेचे फोटो आवडतात, हे तळहाताला फोड आले की चार दिवसांत कळतं.

आईबाबांसाठी दोन ओळी

मुलं दुसऱ्याच्या दुःखानं हलतात, ही मोठी ठेव आहे. ‘असले उद्योग नकोत’ म्हणून ती विझवू नका. पण ‘किती गुणी बाळ’ म्हणून लगेच पाकीटही उघडू नका. ‘तिथून कुणी बोलावलंय?’ एवढंच आधी विचारा. मूल स्वतःच चौकशीला लागेल.

आणि बाळ, शेवटचं काम तुझ्याकडे. पैसे परत करून झाले की वही घेऊन दुसऱ्या मजल्यावर जा. आजोबांनी वर्गणी दिली नसली तरी त्यांना हिशेब दाखव. त्यांना सांग, ‘आजोबा, तुमच्या प्रश्नामुळे आम्ही चौकशी केली.’ ते काय म्हणतात ते मला कळव. माझा अंदाज आहे की पुढच्या वेळी पावतीपुस्तकात दुसरं नाव त्यांचंच असेल. पहिलं अर्थात दादाचं!

या आठवड्याचा गृहपाठ सगळ्यांसाठी : तुमच्या गावातली किंवा गल्लीतली एखादी संस्था निवडा. वृद्धाश्रम, वाचनालय, अंधशाळा, काहीही चालेल. तिथे जा आणि काहीही न देता, काहीही न ठरवता फक्त विचारा, ‘तुम्हाला काय हवंय?’ जे उत्तर मिळेल ते मला लिहून पाठवा. तुम्ही मनात जे धरून गेला होतात तेच उत्तर मिळालं की दुसरंच, हे मात्र खरंखरं लिहा.

तुमचा,
काका